नेपाळमध्ये ट्रेकला जाऊन तिथल्या गरिबांचं खरंच भलं होतं का, की आपलंच नुसतं समाधान?

होतं. पण आमच्या भावोजींसारखे गेलात तर नाही.

अन्नपूर्णा बेस कॅम्पला आम्ही घरचेच सगळे गेलो होतो आणि पुढारीपण अर्थातच भावोजींकडे. पोर्टरच्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालाच्या, पाठीवर ठेपले, खाकरे, पोह्यांची पाकिटं. प्रत्येक टी-हाउसात, म्हणजे वाटेवरच्या छोट्या लॉजमध्ये, यांचं एकच, खोली द्या आणि गरम पाणी द्या. वाटेतल्या देउरालीला मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, "दालभात?" तर हे म्हणे, "वरणभाताला एवढे पैसे? लूट आहे!" आणि वर मेनूकार्डावर घासाघीस! अहो, ते दर त्या बाई लावत नाहीत, लॉजवाल्यांची समिती ठरवते. तांदूळ, गॅस, तेल, सगळं तिथवर माणसाच्या पाठीवरून चढतं, मग जितकं वर तितकं महाग होणारच. खोली जवळपास फुकट मिळते ती जेवण तिथेच घ्याल या हिशेबाने. आपली वागणूक म्हणजे खानावळीत बसून घरचा डबा उघडण्यासारखी. मी तिथल्या तिथे दालभात मागवला. त्यावरून जे वाजलं ते दर गणपतीत अजून निघतं.

ट्रेकच्या परमिटवरही भावोजींची कुरकुर. भारतासारख्या सार्क देशांच्या लोकांना १००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. इतर परदेशी ३००० भरतात. हे पैसे १९८६ला सुरू झालेल्या अन्नपूर्णा संरक्षण प्रकल्पाकडे जातात आणि त्याच भागात वाटा, जंगल, गावातली वीज यांवर लागतात. (घरी सोसायटीचा मेंटेनन्स भरतानाही हे असेच करतात.)

तुम्ही काय करावं? जेवण तिथलंच घ्या. पोर्टरवर ३० किलोच्या वर लादू नका, आणि त्यात तुमचा चिवडा नको. त्याचा विमा आहे का, ते एजन्सीला आधीच विचारा.

आता हेही खरं, की वाटेवरचे लॉजमालक आज काही अगदी गरीब नाहीत. ओझी वाहणारे बरेचदा लांबच्या जिल्ह्यांतून येतात आणि त्यांच्या गावाकडे एकही ट्रेकर फिरकत नाही. तेव्हा गरिबी हटेल वगैरे मी म्हणत नाही. पण घासाघीस करायचीच असेल तर इथल्या टूरवाल्याशी करा. किंवा सरळ नेपाळमधल्या पोखऱ्यातल्या नोंदणीकृत एजन्सीकडून गाईड घ्या. भावोजींना हे तेव्हाच सांगितलं होतं.