'दारं' म्हणजे दरवाजे नव्हेत

गेल्या अंकातल्या 'दारं' या कवितेवर बरीच पत्रं आली. त्यांतली तीन इथे देतो आहोत. उत्तरं कवीची.

एक वाचक भगिनी, डोंबिवली : रात्रभर 'दारं धरणारा' बाप वाचला आणि उंबऱ्याशी लेकीची वाट बघणारा बाप डोळ्यांपुढे आला. ही प्रतिमा सुचली कशी?

ताई, तुमचा बाप माझ्या बापापेक्षा हळवा निघाला! आमच्या कराडच्या बाजूला दारं धरणं म्हणजे उसाला पाणी पाजणं. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. ते तोंड म्हणजे दार. रात्रीच्या लाईटचा, म्हणजे शेतीच्या मोटरीला रात्री वीज मिळण्याचा, आठवडा असला की हे सगळं अंधारात.

मी दहावीत होतो. जानेवारीतली थंडी. मोटर सुरू झाली, पाइपानं आधी हवा ओकली, मग पाणी. मी पोतं पांघरून बांधावर टेकलो तो झोपलोच. जाग आली तेव्हा पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या गव्हात. आता दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) फोडून काढणार, म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी माती ओढली, फुटलेली जागा पायानं दाबली, खोरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दारं धर." कवितेचा शेवटचा चरण तोच. तिथं माझी कारागिरी शून्य.

एक निवृत्त शिक्षक, नाशिक : 'लाईट रात्रीची, बॅटरी खिशाला, खोरं ते उशाला, बाप जागा.' यातला 'ते' भरीचा नाही का?

सर, पकडलंत. कविता अभंगात, त्या चरणात सहा अक्षरं हवी होती, भरली पाच. 'फावडं उशाला' बरोब्बर बसत होतं, लिहूनही पाहिलं. पण आमच्या घरात फावडं नव्हतं, खोरं होतं. म्हणून 'ते' गिळला. अजून घशात आहे.

एक विद्यार्थी, लातूर : आजच्या विषयाला अभंग कशाला? आणि वडिलांनी कविता वाचली का?

मुक्तछंदात चार खर्डे केले, चारही मोर्चातली भाषणं झाली. मग हरिपाठ आठवला. आमच्या देवळात तो रोज संध्याकाळी व्हायचा. 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या.' सहा, सहा, सहा आणि चार. शेवटचा चरण तोकडा, बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसा. दादा असेच बोलतात. (डोंबिवलीच्या ताई, इथं मात्र दार तुमचंच आहे.)

दादांना वाचून दाखवली. ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्याच्या गव्हाचं नुकसान झालं म्हणून सुगीला दोन पायल्या नेऊन दिल्या होत्या. ते नाही घातलंस?"