‘खराटा’ म्हणजे नेमकं काय? झाडू, केरसुणी आणि खराटा एकच का?

केर तिघंही काढतात, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

खराटा म्हणजे नारळाच्या झावळीतले हीर सोलून, जुडगा करून, बुडाशी करकचून बांधलेला. देशावर तुराट्यांचाही बांधतात. त्याची जागा अंगणात, गोठ्यात, रस्त्यावर. केरसुणी शिंदीच्या पात्यांची, मऊ, ती घरातली. सारवलेल्या जमिनीवर खराटा चालवलात तर केराबरोबर सारवणही उचकटून येईल. शिवाय लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागतं ते केरसुणीला. आमच्या घरी तरी खराट्याच्या वाट्याला तो मान कधी आला नाही, तो आपला दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. झाडू हा शब्द मात्र कशालाही चालतो.

नवा खराटा शेंड्याला लवचीक असतो, पानं छान ओढतो. वापरता वापरता हीर ढिले होतात, मग त्याचं बूड जमिनीवर दोनचारदा आपटून ते सारखे करायचे. पुढे शेंडे झिजून, तुटून नुसतं राठ खोड उरतं. पण टाकायचं नाही! मोरीतलं शेवाळ घासायला त्यासारखं दुसरं काही नाही.

बोलण्यातला खराटा बहुधा या झिजलेल्या अवस्थेवरूनच आला असावा, असं मला वाटतं. पानगळीत झाडाचा खराटा होतो. तेलपाणी न केलेल्या केसांचाही होतो. लहानपणी वेणी घालताना आईच्या तोंडी रोज हेच असायचं. चार दिवस न केलेल्या दाढीलाही लोक खराटा म्हणतात, आणि ती गालाला लागली की का म्हणतात ते पटतं.

या शब्दाला मान मिळवून दिला तो गाडगेबाबांनी (1876–1956). हातात खराटा घेऊन गावात शिरायचे, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. म्हणून त्यांच्या चित्रात केरसुणी काढली तर ते चित्र चुकलंच.

जाता जाता: ‘लग्नाला झाडून सगळे आले’ यातलं ‘झाडून’ म्हणजे एकही न वगळता. कोपऱ्यातला कणसुद्धा मागे न ठेवता केर काढावा, तसं. त्यामुळे ‘झाडून काही जण आले’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं.