मोपाने अळीचा हंगाम आधी ओळखता येतो का?

प्रश्न : बोत्सवाना, झिंबाब्वे येथे मोपाने झाडावरील अळ्या खाण्यासाठी गोळा करतात. त्या केव्हा मिळतील, हे आधी सांगता येते का?

उत्तर : काही आठवडे आधी, बऱ्यापैकी. कोरड्या ऋतूत जमिनीखाली पडून असलेल्या कोशांतून पावसाळ्याच्या सुरुवातीला पतंग बाहेर पडतात. अंड्यांतून अळ्या निघण्यास सुमारे १० दिवस आणि त्यांची वाढ पूर्ण होण्यास ४ ते ६ आठवडे लागत असल्याने मुख्य हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या आसपास येतो. मार्च-एप्रिलमधील दुसरी पिढी बेभरवशाची असते. मात्र अळ्या किती मिळतील हे वर्तवणे फार अवघड आहे, कारण परजीवी कीटक, रोग, पक्षी आणि आदल्या हंगामातील बेसुमार वेचणी यांची नोंद पर्जन्यमापक ठेवत नाही.