लॅटिनचं व्याकरण संपलं, पण सीझर काही वाचता येईना

"ताई, व्याकरण सगळं झालंय, टेस्टमध्ये मार्क पण चांगले आहेत, पण खरा उतारा समोर आला की पहिल्याच वाक्यात अडकते. परत पहिल्या धड्यापासून करू का?"

हा प्रश्न मला दर सेमिस्टरला कोणी ना कोणी विचारतंच. मी जर्मनीत एका विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात अभ्यासाचं समुपदेशन करते. इथे इतिहासासारख्या विषयात पुढे जायचं तर बऱ्याच ठिकाणी लॅटिनची परीक्षा द्यावी लागते, लाटिनुम म्हणतात तिला, त्यात सिसेरोच्या, म्हणजे रोमचा नावाजलेला वक्ता आणि लेखक त्याच्या, तोडीचा एक उतारा डिक्शनरी घेऊन भाषांतर करायचा असतो. त्यामुळे परीक्षेच्या आधी माझ्याकडे येणारे चेहरे ठरलेले, झोप न झालेले. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच लिहितेय, तिला इथे सई म्हणू.

सई सांगलीकडची, मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकायला आली. शाळेत संस्कृत होतं आणि ते चांगलं होतं, म्हणून लॅटिनचं तिला टेन्शन नव्हतं. दोन सेमिस्टरमध्ये पाच प्रकारची नामं, चार प्रकारची क्रियापदं, सगळे काळ, सबजंक्टिव्ह म्हणजे क्रियापदाची इच्छा-शक्यतेची रूपं, सगळं पाठ केलं. रूपं विचारा, झोपेतून उठून सांगेल. तिसऱ्या सेमिस्टरला सीझर लावला, त्याने गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, इसवी सनपूर्व 58 पासून ज्या मोहिमा केल्या त्यांची त्याची स्वतःची हकिकत, आणि आठ ओळींना तीन तास लागायला लागले. मग तिने व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून केलं. परत सीझर, परत तेच. मग आणखी एकदा पहिल्यापासून. माझ्याकडे आली तेव्हा तिसरी फेरी चालू होती आणि ती सरळ म्हणाली की मला भाषा जमतच नाहीत बहुतेक, आईबाबांना काय सांगू.

मी म्हटलं आधी तुझं पान दाखव. तिने झेरॉक्स काढून ठेवली. चार रंगांच्या पेन्सिली, क्रियापद लाल, कर्ता निळा, बाकीच्यांना हिरवा आणि केशरी, आणि प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात जर्मन अर्थ. 'रेस' म्हणजे गोष्ट, हा तर पहिल्या महिन्यात येणारा शब्द, तो त्या पानावर तीनदा होता आणि तिन्ही वेळा अर्थ लिहिलेला. मी पान उलटं ठेवलं आणि विचारलं, यात कोण कुठे गेलं? सई गप्प. तीन तास त्या पानावर घालवले होते आणि त्यात काय घडलं हे तिला सांगता येत नव्हतं. तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि खरं सांगते, मलाही कसंतरी झालं. कारण बऱ्याच वर्षांपूर्वी, नवीन असताना, अशाच एका मुलाला मी सांगितलं होतं की तुझा पाया कच्चा दिसतोय, व्याकरण परत कर. तो परत आलाच नाही, लॅटिन सोडलं त्याने. ती माझी चूक होती, आणि म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

पाया कच्चा नव्हता हो. सईला दर शब्दाचं रूप ओळखता येत होतं, पण ती वाचत कधी नव्हतीच, सोडवत होती. डोळा सतत डोक्यावरच्या जर्मन अर्थावर, मग लॅटिन शब्द ओळखीचा होणार कधी? शिवाय इथल्या वर्गात शिकवतात की आधी क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा, मग बाकीचं जुळवा. जर्मन मुलांचं ठीक आहे, त्यांच्या साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर असतं, ते शेवटी गेलं की त्यांना चुकल्यासारखं होत असेल. पण आपण मराठी माणसं! आपण जन्मापासून क्रियापदाची वाट बघत वाक्य ऐकतो. लॅटिनमध्येही ते बरेचदा शेवटी येतं, सीझरकडे तर फारच. त्यात सईला शाळेतली अन्वय लावायची सवय, म्हणजे वाक्य दिसलं की आधी मोडायचं आणि मग बघायचं. या दोन सवयींनी मिळून तिचं वाचन पार अडवून ठेवलं होतं.

मी सीझर बाजूला ठेवला आणि फेड्रसची एक गोष्ट काढली, हा प्राण्यांच्या बोधकथा लिहिणारा रोमन कवी. म्हटलं पेन्सिल नको, जर्मन नको, मोठ्याने वाच आणि शब्द जसे येतील तसे मनात मराठीत ठेवत जा. 'अद रीवुम एउन्देम लुपुस एत आग्नुस वेनेरान्त, सिती कोम्पुल्सी.' ती हळूहळू म्हणाली, ओढ्यावर... त्याच... लांडगा आणि कोकरू... आले होते... तहानेने... आणि थांबली, आणि मग एकदम, अगं ताई ही तर लांडगा-कोकराची गोष्ट! पुढचं वाक्य, वर उभा होता लांडगा आणि खूप खाली कोकरू, तिने जवळजवळ आपल्या वेगाने वाचलं. तिसऱ्या वाक्यात अडकली, ते साहजिक आहे, कविता आहे ती, शब्द वृत्तासाठी इकडेतिकडे होतात. पण दोनच वाक्यं का होईना, लॅटिन वाचून गोष्ट समजली, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट माहीत होती म्हणून समजली. हो, म्हणूनच तर घेतली ना. माहीत असलेल्या गोष्टीत अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप लागतो, डिक्शनरी उघडावी लागत नाही.

शब्दांचा हिशोब एकदा नीट बघा. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजने लॅटिनच्या सगळ्यात जास्त येणाऱ्या हजार शब्दांची यादी केलीय, त्या हजारात साधारण मजकुरातले 70 टक्के शब्द बसतात. ऐकायला भारी वाटतं, पण म्हणजे यादी पूर्ण पाठ असली तरी दहातले तीन शब्द अनोळखीच, आणि तेवढ्यात कुठल्याच भाषेत वाचन होत नाही, कोडी होतात. म्हणून व्याकरण संपल्यावर थेट सीझर-सिसेरो घेऊ नका, मध्ये कित्येक पानं सोप्या मजकुराची जायला हवीत. कितवं पान चाललंय ते मोजा, कितवा नियम ते नको.

सईला मी आधी लॅटिन बायबल दिलं, जेरोम नावाच्या संताने केलेलं भाषांतर, चौथ्या शतकाच्या अखेरीचं. लहान वाक्यं, तेच तेच शब्द परत परत, आणि मध्ययुगातला माणूस हेच ऐकत मोठा झाला, त्यामुळे तिच्या पुढच्या कामाची भाषा पण हीच. मग युट्रोपियस. याने चौथ्या शतकात सम्राट वॅलेन्ससाठी रोमचा सगळा इतिहास दहा छोट्या भागात लिहिला, सरळ गद्य. फक्त त्याचं पहिलंच वाक्य लांबलचक आणि गुंतागुंतीचं आहे, पुष्कळ जण तिथेच पुस्तक मिटतात, ते खुशाल सोडा आणि नंतर या. जरासं पुढे रोम वसवणाऱ्या रोम्युलसबद्दल हे येतं, 'इस, कुम इन्तेर पास्तोरेस लात्रोकिनारेतुर, देकेम एत ओक्तो आन्नोस नातुस, उर्बेम एक्सिगुआम इन पालातिनो मोन्ते कोन्स्तितुइत.' तो, मेंढपाळांमध्ये लुटालूट करत असताना, अठरा वर्षांचा, एक छोटंसं शहर पॅलेटाइन टेकडीवर वसवतो. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही बघा! 'कुम' आणि सबजंक्टिव्हच्या नियमावर सईने वहीची दोन पानं भरली होती आणि इथे तो नुसता 'करत असताना' होऊन आला.

रोजचा अर्धा तास ठरवला. पहिली दहा मिनिटं कालचंच परत वाचायचं, मोठ्याने, उरलेली वीस नवीन. डिक्शनरी परिच्छेद संपल्यावरच, तीही जास्तीत जास्त पाच शब्दांसाठी, आणि अर्थ लॅटिन शब्दावर नाही लिहायचा, वेगळ्या कागदावर. कालचं परत वाचणं सईला आधी वेळ फुकट घालवणं वाटायचं, रोज मेसेज यायचा, नवीनच करू का. नाही. शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वाचनातच आपले होतात.

व्याकरण लागतंच, सोडून दे असं मी कधीच म्हटलं नाही. पण ते आता अडल्यावर उघडायचं. आणि संस्कृतचा उपयोग इथे होतो, अन्वयासाठी नाही, ओळखीसाठी. अब्लेटिव्ह ॲब्सोल्यूट म्हणून जे प्रकरण मुलांना छळतं ते आपली सति सप्तमी, 'सूर्ये अस्तं गते' म्हणजे सूर्य मावळल्यावर. तसंच 'हिस रेबुस कोग्नितिस', या गोष्टी कळल्यावर. 'ल्यावर' लावा आणि पुढे चला.

चार महिन्यांनी सीझर परत उघडला. 'काएसारी कुम इद नुन्तिआतुम एस्सेत', सीझरला जेव्हा हे कळवण्यात आलं, 'एओस पेर प्रोविन्किआम नोस्त्राम इतेर फाकेरे कोनारी', की ते लोक आपल्या प्रांतातून वाट काढू बघताहेत... इथे सई थांबली नाही, क्रियापद शोधायला पुढे उडी पण मारली नाही, वाट बघितली आणि ते आलं, 'मातुरात', घाई करतो, रोमहून निघायची. ओळ-दीड ओळ पुढे तो जिनिव्हाला पोचतो. मी पान उलटं केलं आणि विचारलं, कोण कुठे गेलं? सीझर, जिनिव्हाला, घाईघाईत, ती म्हणाली, आणि हसली.

पहिल्या वेळी परीक्षेत ती थोडक्यात राहिली, दुसऱ्या वेळी सुटली. सिसेरो तिला अजूनही जड जातो, तो जातोच. परवा तिने बाराव्या शतकातल्या एका दानपत्राचा फोटो पाठवला, वर नेहमीचंच, 'इन नोमिने सांक्ते एत इन्दिविदुए त्रिनितातिस', पवित्र आणि अखंड त्रैक्याच्या, म्हणजे ख्रिस्ती पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या, नावाने. खाली मेसेज, ताई, भाषा लागतेय पण याचं अक्षरच लागत नाहीये. जुनी अक्षरं वाचायचा वर्ग पुढच्या सेमिस्टरला आहे, तिने नाव घातलंय.