डोळे मिटले की बांधाचं भांडण

वसईच्या किनारपट्टीवरच्या गावातल्या पन्नाशीच्या बाई. घरची सोनचाफ्याची वाडी, पहाटेच्या लोकलने फुलं दादरला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, त्या मौन प्रार्थना शिकल्या आणि महिन्याभरात वैतागल्या. "रोझरी (माळेच्या मण्यांवर मोजत म्हणायची प्रार्थना) म्हणताना मन एवढं भरकटत नाही. गप्प बसले की दिराशी चाललेला बांधाचा वाद उकरून येतो, तोंडावर शिव्या येतात. येशूसमोर बसून हे असलं! माझी श्रद्धाच कमी पडते का?"

हा प्रश्न अनेकजण विचारतात. बहुतेक वेळा श्रद्धेचा त्यात काही संबंध नसतो, बसण्याच्या पद्धतीचा असतो.

"कशा बसता ते दाखवा," असं आम्ही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. दातांवर दात घट्ट, ओठ भराभर हलताहेत, "येशू, येशू, येशू". आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय. माळ हातात नव्हती, पण मोजणं चालूच होतं. मनात आलेला विचार शब्दाच्या माऱ्याने दाबायचा, तो पुन्हा आला की मारा वाढवायचा. अर्ध्या तासाने डोकं दुखणारच.

इथे दोन पद्धतींची सरमिसळ झाली होती. बेनेडिक्टाइन संघाचे संन्यासी जॉन मेन यांच्या पद्धतीत 'मारानाथा' (अरामी भाषेत 'प्रभू, ये') हा शब्द मा-रा-ना-था असा चार सारख्या अक्षरांत, सावकाश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणत राहायचा. सेंटरिंग प्रेयर वेगळी. मेनिंगर, पेनिंग्टन आणि कीटिंग या ट्रॅपिस्ट (मौनावर भर देणाऱ्या कॅथलिक संघाच्या) संन्याशांनी 1970च्या दशकात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या मठात ती मांडली. तिच्यात शब्द सतत म्हणायचा नसतो. देवाच्या सान्निध्याला आपली संमती आहे, एवढंच तो सांगतो. आपण एखाद्या विचारात वाहून गेलो हे ध्यानात आलं की तो हलकेच आठवायचा, आणि पुन्हा गप्प. बाईंना शिकवली होती दुसरी, त्या करत होत्या पहिली, तीही रोझरीच्या वेगाने. दोन्हींपैकी कोणतीही निवडा, पण काही महिने तरी एकच धरा.

त्यांनी सेंटरिंग ठेवली. शब्द 'अब्बा' (अरामी भाषेत 'बाबा') ठरला. दोन अक्षरांचा, आणि पेरांवर मोजायची सवय नसलेला. बसल्या बसल्या शब्द बदलायचा नाही. "हा लागत नाही, दुसरा बघू" हाही एक विचारच. यात विचार म्हणजे फक्त भांडण नव्हे. नाकाला सुटलेली खाज, शेजारच्या सुकटीचा वास, रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) कोण येणार, इतकंच काय, देवाबद्दल सुचलेलं एखादं सुंदर वाक्यसुद्धा. सगळ्यांना एकच वागणूक: हाकलायचं नाही, पाहुणचारही करायचा नाही.

मग वेळेचं पाहिलं. त्या रात्री साडेनऊला, भात-आमटी जेवून बसत. पहाटे उठणारं माणूस त्या वेळी पेंगणार, नाहीतर चिडणार. बैठक दादरहून परतल्यावर, जेवणाआधी आणली. नेहमीचा नियम वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यांना सुरुवातीला दहा मिनिटं, एकदाच. पाठीला आधार असलेली खुर्ची, पावलं जमिनीवर. मोबाइलचा गजर मंद सुराचा, कारण कर्कश गजराने दचकून उठलं की उरलेली दुपार चिडचिडीत जाते. गजरानंतर दोन मिनिटं डोळे मिटूनच, सावकाश "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणायचं, मग उठायचं. ही दोन मिनिटं लोक हमखास गाळतात.

त्यांना आणखी एक सल होता. पहिल्या आठवड्यात एकदा अंग हलकं झालं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून रोज तेच हवं, आणि ते येत नाही. व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाबद्दल 1989 साली बिशपांना पाठवलेल्या पत्रात यावर स्पष्ट इशारा आहे: शरीराला वाटणारी शांतता किंवा ऊब म्हणजे पवित्र आत्म्याचं सांत्वन असं धरून चालणं चूक. आणि कोरड्या दिवसांचं म्हणाल तर सोळाव्या शतकातली स्पॅनिश संन्यासिनी, अविलाची संत तेरेसा, स्वतःच लिहून गेली आहे की कित्येक वर्षं प्रार्थनेत तिचं लक्ष देवापेक्षा तास कधी संपतो याकडेच जास्त असे. हे ऐकून बाई पहिल्यांदा हसल्या.

राहिला बांध. बैठकीत तो आला तर सोडायचा, पण बैठकीबाहेर त्याला वेळ द्यायचा. संध्याकाळी पंधरा मिनिटं वहीत लिहायचं: दिराचं म्हणणं काय, आपल्याकडे कागद कोणते. वही उघडल्यावर कळलं की सरकारी मोजणी कधी झालीच नव्हती. हे मौनाने सुटणारं नव्हे. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज लागतो. खरा तंटा प्रार्थनेखाली झाकून ठेवणारी माणसं कमी नाहीत, आणि त्याला क्षमा म्हणण्याची घाई आम्हाला पटत नाही.

मात्र घरात नुकताच मृत्यू झाला असेल, झोप उडाली असेल, कानात आवाज येत असतील किंवा नैराश्य असून त्यावर उपचार सुरू नसतील, तर दीर्घ मौन नको. आधी डॉक्टर. तोवर मोठ्याने स्तोत्र वाचावं, कुणाबरोबर रोझरी म्हणावी. रोझरी ही काही खालची पायरी नव्हे.

दोन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा विचार पूर्वीइतकेच येत होते. फक्त त्यांनी अंगठ्याने मोजणं सोडलं होतं, आणि डोकं दुखत नव्हतं. दीर अजून बोलत नाही. मोजणीचा अर्ज दिला आहे. बैठक वीस मिनिटांवर न्यायची का, असं त्यांनी विचारलं. पावसाळा संपेपर्यंत दहाच राहू दे, असं ठरलं.