ऑरलँडोला आई-बाबांना नेतोयस? मग हे ऐक

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एकच पार्क नव्हे, चार आहेत. एका दिवसात दोन उरकायचा हट्ट धरलास तर रात्री बाबांचे गुडघे बोलतील. पहिल्या खेपेला मॅजिक किंगडमच कर. १ ऑक्टोबर १९७१ ला सगळं सुरू झालं ते तिथूनच.

गाडी लावली की फाटक समोर, असं समजू नकोस. पार्किंगपासून पुढे मोनोरेलने नाहीतर फेरीबोटीने जायचं. बोट घे, आईला आवडेल. आणि गंमत सांग तिला: तो तलाव खणलेला आहे. फ्लोरिडात जरा खणलं की पाणी लागतं, म्हणून कर्मचाऱ्यांसाठीचे बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले आणि तलावातली माती वर ओतली. आपण फिरतो तो खरं तर पहिला मजला! खालून कर्मचाऱ्यांची ये-जा, मालाची ने-आण; कचरासुद्धा नळांतून हवेच्या जोरावर ओढला जातो. वर मालाच्या, कचऱ्याच्या गाड्या फारशा दिसत नाहीत त्या यामुळे.

उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस जवळजवळ ठरलेला. उघड्यावरच्या राइड तेव्हा बंद ठेवतात. म्हणून फाटक उघडायच्या आधी पोच, त्या राइड सकाळीच आटप, आतले शो दुपारी बघ.

घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बरणी नको. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. पाण्याची बाटली तिथे विकत घेऊ नकोस. खाण्याच्या काउंटरवर मागितलंस की बर्फाचं पाणी फुकट देतात.