एमएस्सी जिऑलॉजी झाल्यावर प्राचीन सोन्याच्या साठ्यांवर पीएचडी करावी का? 'सोनं कसं तयार झालं' हे शोधून नोकरी मिळते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉलेजचे सर म्हणतात, "सोनं कुठे आहे हे शोधणाऱ्याला पगार मिळतो, कसं आलं हे शोधणाऱ्याला नाही." हेच वाक्य मला एका साहेबांनी ऐकवलं होतं, आणि त्यांच्या सहीशिवाय मला ड्रिलिंगचा कोअर (जमिनीत भोक पाडून काढलेला खडकाचा लांब दंडगोल) बघायला मिळणार नव्हता. त्यामुळे आधी त्याबद्दल लिहिते, नोकरीचं नंतर.

माझं काम उत्तर कर्नाटकातल्या एका शिस्ट पट्ट्यात, म्हणजे उष्णता-दाबाने बदललेल्या जुन्या खडकांच्या पट्ट्यात होतं. धारवाड क्रेटनमधले (दक्षिण भारताच्या भूकवचाचा अतिप्राचीन, टणक भाग) हे पट्टे म्हणजे बरेचसे 270 कोटी वर्षांच्या आसपासचे लाव्हा. सोनं त्यात नंतर शिरलं, हट्टीच्या सोन्याच्या खाणीसारख्या ठिकाणी साधारण 250 कोटी वर्षांपूर्वी. आपल्याकडे सोनं म्हटलं की कोलार, आणि कोलार म्हटलं की पांढऱ्या क्वार्ट्झची (गारगोटीची) शीर. 1880 पासून 2001 पर्यंत तिथून सुमारे 800 टन सोनं निघालं, त्यामुळे ही सवय दोन-तीन पिढ्यांच्या हाडात मुरली आहे. मी काम करत होते तिथेही कोअरमध्ये क्वार्ट्झ दिसला की तेवढाच तुकडा कापायचा, तेवढाच लॅबला पाठवायचा. कडेचा खडक पेटीत तसाच पडून.

तो कडेचा खडक मी ओला करून उन्हात बघितला. मूळचा हिरवट-काळा, लाव्हा बदलून झालेला लोहयुक्त अॅम्फिबोलाइट शिरेला लागून बायोटाइटने (गडद अभ्रकाने) तपकिरी झालेला, आणि त्यात अर्सेनोपायराइटच्या (लोह, अर्सेनिक आणि गंधकाच्या खनिजाच्या) चंदेरी सुया. मी साहेबांना म्हटलं, शिरेच्या दोन्ही बाजूंचं सॅम्पल घेऊ या. उत्तर आलं, "मॅडम, सोनं कसं आलं ते तुमच्या थिसिसमध्ये लिहा. आम्हाला कुठे आहे तेवढं सांगा."

अहो, 'कुठे'चं उत्तर 'कसं'मध्येच असतं! खोलवरच्या गरम पाण्यातून, तीनशे अंशांच्या आगेमागे, सोनं एकटं येत नाही. ते गंधकाशी जोडी करून विरघळलेलं असतं. ते पाणी लोहयुक्त खडकात घुसलं की लोह गंधक ओढून घेतं, पायराइट आणि अर्सेनोपायराइट तयार होतात, आणि जोडीदार गेल्यावर सोनं तिथल्या तिथे बसतं. मग लोह असलेला खडक न तपासता नुसता क्वार्ट्झ तपासण्यात काय अर्थ आहे? माझ्या गाइडने शब्द टाकला म्हणून थोडे तुकडे मिळाले. पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर अर्सेनोपायराइटच्या भेगांमध्ये पिवळेधमक कण. लॅबच्या आकड्यांनीही तेच सांगितलं. पुढच्या हंगामापासून कडेच्या खडकाची सॅम्पल्स जायला लागली. का, ते अहवालात लिहिलेलं नाही, आणि माझं नाव तर नाहीच. हे मला अजून लागतं.

याच कामातला मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे फ्लुइड इन्क्लुजन. क्वार्ट्झचा दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला पातळ काप घ्यायचा. त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पोकळ्या असतात, आणि सोनं आणणारं तेच पाणी अजून त्यांत अडकलेलं असतं. बाहेर पाणी, आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड, त्याच्या आत थरथरणारा बुडबुडा. खोलीचं तापमान 31 अंशांच्या वर गेलं की आतलं वर्तुळ नाहीसं होतं, म्हणून मे महिन्यात एसी बंद पडला की आमचं काम थांबायचं. गोठवून परत तापवताना हा कार्बन डायऑक्साइड उणे 56.6 अंशांना वितळला तर तो शुद्ध. त्याच्याही खाली वितळला तर बहुधा मिथेन मिसळलेला. 250 कोटी वर्षांपूर्वीचं पाणी कसलं होतं, हे असं समोर बसून वाचता येतं. (आणि कृपा करून 'कार्बन डेटिंग करता का' असं विचारू नका. कार्बन पन्नासेक हजार वर्षांपलीकडे चालत नाही. आम्ही सोन्यासोबत तयार झालेल्या मोनाझाइट, टायटॅनाइटसारख्या खनिजांचं युरेनियम-शिसं मोजतो.)

आता नोकरी. जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) जायचं असेल तर पीएचडी लागत नाही. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा एमएस्सीवर देता येते, आणि तिला वयोमर्यादा आहे, तेव्हा ती आधी द्या. शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल किंवा ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे जायचं असेल तर पीएचडी करा. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीचं आणि कॅनडातल्या टिमिन्सचं सोनं आपल्या धारवाडच्या सोन्याचंच भावंड आहे, तिथे हा विषय कुणाला समजावत बसावं लागत नाही.

विषय निवडताना दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या वादात पडू नका. तिथलं सोनं नदीने वाहून आणलं की गरम पाण्याने नंतर आणलं, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे, आणि पुण्यात बसून तुम्हाला तिथली सॅम्पल्स मिळणार नाहीत. दुसऱ्यांच्या आकड्यांवर मशीन लर्निंग चालवून 'संभाव्य सोन्याचा नकाशा' काढणं हाही विषय घेऊ नका. ज्याने कोअर हातात धरलेला नाही, त्याला क्वार्ट्झपुरतीच सॅम्पल्स घेतली होती हे त्या आकड्यांत कधीच दिसणार नाही. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर दख्खनचा बेसाल्ट सोडा आणि नागपूर-भंडाऱ्याचा साकोली पट्टा बघा, तिथे जीएसआयला सोन्याच्या खुणा मिळालेल्या आहेत.

एक सांगायचं राहिलं. कडेच्या खडकात सोनं सगळीकडे असतं असं नाही. कोलारच्या चॅम्पियन रीफ या शिरेमध्ये ते खरोखरच क्वार्ट्झमध्ये होतं. मी एकाच पट्ट्यावरून बोलते आहे.

आणि गाइड ठरवण्याआधी त्यांना सरळ विचारा की कोअर कुठून मिळणार आणि परवानगीच्या पत्रावर सही कोण करणार. 'बघू' असं उत्तर आलं तर दुसरा गाइड शोधा.